ती बाटली बिघडलेली नव्हती: पोर्तुगालची वाईन चाखायची कशी

प्रश्न पुण्याच्या एका निवृत्त गृहस्थांचा आहे. त्यांची मुलगी आणि जावई लिस्बनला असतात. मे महिन्यात आले तेव्हा दोघांनी मिळून पाच बाटल्या आणल्या. 'पोर्तुगालची म्हणजे पोर्ट, आणि पोर्ट म्हणजे गोड' असं समजून यांनी एक लाल बाटली जेवण झाल्यावर आंब्याच्या आइसक्रीमबरोबर उघडली. ती इतकी तुरट आणि आंबट लागली की बिघडली समजून मोरीत ओतली. आता ते विचारतात: उरलेल्या चार उघडायच्या की नाही? लेबलवर ओळखीच्या द्राक्षाचं नावच नाही, मग कोणती कशाबरोबर घ्यायची? आणि 'चव घेणं' म्हणजे नेमकं काय करायचं?

आधी त्या ओतलेल्या बाटलीचं बोलू. फोटोत लेबलवर बायराडा, तिंतो, गाराफेयरा आणि 2015 साल दिसतंय. तिंतो म्हणजे लाल. बायराडा हा कोइंब्रा शहराच्या उत्तरेला, अटलांटिक किनाऱ्याला लागून असलेला चिकणमातीचा प्रदेश. तिथल्या लाल वाईनचं मुख्य द्राक्ष म्हणजे 'बागा'. (गोव्याच्या बागा बीचशी संबंध जोडू नका. पोर्तुगीजमध्ये बागा म्हणजे बोराएवढं बारकं फळ.) दाणा छोटा, साल जाड, पिकायला उशीर, आणि पिकायच्या सुमाराला समुद्रावरून पाऊस. आपल्याकडच्या अर्धवट पिकलेल्या करवंदाची आठवण काढा, म्हणजे कोवळ्या बागाचा स्वभाव कळेल. तुम्ही ओतलीत ती वाईन अगदी जशी असायला हवी तशी होती. गाराफेयरा या शब्दाचा अर्थ असा की लाल वाईन विकायच्या आधी किमान 30 महिने मुरवलेली आहे, त्यातले 12 महिने बाटलीत. म्हणजे मुलीने दुकानातली हाताला लागेल ती बाटली उचललेली नव्हती.

मला हसायला येत नाही, कारण मीही हेच केलंय. गोव्यातल्या एका हॉटेलात वाईनची जबाबदारी माझ्याकडे नवीनच आली होती. मोठ्या हौसेनं बायराडाची लाल वाईन मी पाहुण्यांना जेवणाआधी, नुसती, संध्याकाळच्या उकाड्यात दिली. पेले जसेच्या तसे परत आले. काही वर्षांनी पोर्तुगालमध्ये मियालाद नावाच्या गावी गेलो. गावातला मुख्य रस्ता म्हणजे दुतर्फा लेयतांवची हॉटेलं. लेयतांव म्हणजे लसूण, मिरं, मीठ आणि चरबीचं वाटण आतून चोळून, सळईवर लावून लाकडाच्या भट्टीत भाजलेलं दुधपितं डुक्कर. वरची कातडी पापडासारखी कुरकुरीत, आत मऊ आणि तेलकट. तो घास खाल्ला, मग बागाचा घोट घेतला, आणि गोव्यातले ते भरलेले पेले आठवले. ज्या तुरटपणाला पाहुण्यांनी नाकं मुरडली होती तोच इथे जिभेवरची सगळी चरबी पुसून काढत होता. पुढचा घास पहिल्याइतकाच खमंग लागत होता. तिथले लोक याच पदार्थाबरोबर बायराडाची पांढरी फसफसती वाईनही तितक्याच आनंदानं घेतात. तिथे चरबी कापायचं काम आंबटपणा आणि बुडबुडे करतात.

त्यामागचं कारण साधं आहे. द्राक्षाच्या सालीतली, बियांतली टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतात, लाळेचा गुळगुळीतपणा जातो, म्हणून हिरड्यांना कोरड पडते. कच्ची सुपारी किंवा हरडा चावल्यावर होतं तेच. ताटात मांस, चीज, चरबी असली की टॅनिनला धरायला दुसरं काही मिळतं, आणि मिठानं तुरटपणा आणखी बोथट होतो. गोड पदार्थाचं उलटं. तोंडात साखर असताना कोरडी, म्हणजे साखर नसलेली, वाईन दुप्पट आंबट आणि कडवट लागते. तुमच्या बाबतीत आइसक्रीमही होतं आणि मे महिन्यातलं पुण्याचं तापमानही होतं. त्यात बागा कशी काय तग धरणार?

म्हणून मी शिकवताना एकच नियम सांगतो. पोर्तुगालच्या वाईनची चव दोनदा घ्यायची: एकदा नुसती, आणि एकदा घास खाल्ल्यावर लगेच. नुसती घेतल्यावर तुमचं जे मत होईल ते कच्चं समजा. जगात बऱ्याच वाईन अशा बनतात की गप्पा मारत नुसत्या प्याव्यात: गोडसर, मऊ, फळांनी भरलेल्या. पोर्तुगीज माणूस वाईन मागवतो तो जेवायला बसल्यावर. त्यामुळे तिथल्या चांगल्या वाईनमध्ये आंबटपणा किंवा तुरटपणा थोडा चढा ठेवलेला असतो, जसं आपण आमटी भाताबरोबर खायची म्हणून नुसती चाखताना वाटेल त्यापेक्षा जरा झणझणीत करतो.

पोर्टचा घोळही इथेच मिटवू. पोर्ट बनवताना द्राक्षरस अर्धवट आंबलेला असतानाच त्यात 77 टक्क्यांचं द्राक्षाचं मद्य घालतात. आंबवणारं यीस्ट मरतं, उरलेली साखर तशीच राहते, आणि 19 ते 22 टक्के अल्कोहोलची गोड वाईन तयार होते. मदेरा नावाची वाईनही अशीच मद्य घालून केलेली. तुमच्याकडच्या पाचही बाटल्या जेवणाच्या वाईन आहेत, म्हणजे आंबण्याची क्रिया पूर्ण होऊ दिलेल्या, जवळपास साखर नसलेल्या. आणि गोव्यातल्या दुकानांत 'पोर्ट' म्हणून जी स्वस्त गोड लाल वाईन मिळते तिचा पोर्तुगालच्या पोर्टशी फक्त नावाचा संबंध. पण आपल्या पिढीच्या डोक्यात 'पोर्तुगीज म्हणजे गोड' हे तिनंच घालून ठेवलं.

आता चव घेण्याची रीत. यात जादू काही नाही. तळाशी फुगीर आणि तोंडाशी किंचित आवळलेला कोणताही पातळ काचेचा पेला चालेल, एक तृतीयांशच भरा. न हलवता एकदा वास घ्या, मग पेला गोल फिरवून पुन्हा. पहिल्या वासात फळं-फुलं असतील, दुसऱ्यात लाकूड, मसाला, माती. वासाला इंग्रजी पुस्तकातलं नाव शोधत बसू नका. ब्लॅकबेरी तुम्ही लहानपणी खाल्लेली नाही, जांभूळ खाल्लंय. तर जांभूळ म्हणा. घोट तोंडात सगळीकडे फिरवा आणि तीन गोष्टी बघा. गालांच्या कडांना पाणी सुटतंय का, तो आंबटपणा. हिरड्या आवळतायत का, तो तुरटपणा. गिळल्यावर घशात ऊब किती राहते, ते अल्कोहोल. मग घास खा आणि तिन्ही पुन्हा तपासा. एक पथ्य मात्र पाळा: उदबत्ती, अत्तर आणि फोडणीचा धूर त्या खोलीत नको. माझ्या एका वर्गात कुणीतरी मोगऱ्याचा गजरा माळून आलं होतं. त्या दिवशी सगळ्यांना सगळ्या वाईनमध्ये मोगराच सापडला.

तापमानाकडे आपल्याकडे फार दुर्लक्ष होतं. 'लाल वाईन खोलीच्या तापमानाला' हा सल्ला युरोपातल्या जुन्या थंड घरांचा, 16 ते 18 अंशांचा. पुण्यात उन्हाळ्यात खोली 33 अंशांवर असते. त्या गरमीत अल्कोहोल नाकात चढतं आणि बाकी सगळं विस्कटतं. लाल बाटली अर्धा-पाऊण तास फ्रिजमध्ये ठेवा. पांढरी तीन तास, पण काढल्यावर दहा मिनिटं बाहेर.

तुमच्या उरलेल्या बाटल्यांमध्ये सगळ्यात आधी विन्यो व्हेर्द उघडा, कारण ती ठेवायची वाईन नाही. शब्दशः 'हिरवी वाईन', पण तुमची रंगानं पांढरी. हे नाव कोवळेपणाचं आणि मिन्यो या हिरव्यागार, पावसाळी वायव्य भागाचं. कोकणासारखाच मुलूख: छोट्या छोट्या जमिनी, मधे मका-भाजी, आणि कडेनं उंच मांडवावर किंवा झाडांवर चढवलेले वेल, म्हणजे खालची जागा पिकाला मोकळी राहते. पूर्वी बाटलीत चालू राहिलेल्या आंबण्यानं तिला बारीक बुडबुडे यायचे. आता बहुतेक स्वस्त बाटल्यांत थोडा वायू बाहेरून घालतात. त्यात फसवणूक नाही, लोकांना ती चुणचुण हवी असते. तुमच्या बाटलीवर लोरेयरो लिहिलंय. लोरेयरो हे नाव लॉरेलच्या झाडावरून आलं, आणि वास खरोखरच फुलांकडे झुकणारा, संत्र्याच्या मोहोरासारखा. अल्कोहोल 11 टक्के. हिच्याबरोबर रव्यात तळलेले बोंबील करा, किंवा सुरमई. लिंबू पिळू नका. लिंबाचं काम वाईन करेल. याच भागात स्पेनच्या हद्दीजवळ मोंसांव आणि मेल्गासू इथे अल्व्हारिन्यो द्राक्षाची विन्यो व्हेर्द होते. ती जाड अंगाची, 12-13 टक्क्यांची, आणि चार-पाच वर्षं सहज टिकणारी. किंमत जास्त, पण मुलीला पुढच्या वेळी तीच सांगा.

दुसरी पांढरी दाऊं प्रांतातली, एंक्रुझादो द्राक्षाची. माझ्या मते तुमच्याकडची ही सगळ्यात मोलाची बाटली, आणि लेबल सगळ्यात साधं. दाऊं चारी बाजूंनी डोंगरांनी वेढलेला आहे, खाली ग्रॅनाइट. समुद्राचा पाऊस डोंगर अडवतात. साठ-सत्तरच्या दशकांत या भागाचं नाव खराब झालं होतं, कारण हुकूमशहा सालाझारच्या राजवटीत द्राक्षं विकत घेण्याचा हक्क सहकारी संस्थांकडे एकवटला होता. शेतकऱ्याला वजनाचे पैसे मिळत, चांगल्या-वाईट द्राक्षाला एकच भाव. त्यातून काय होतं हे सहकार जवळून पाहिलेल्या महाराष्ट्राला सांगायला नको. 1986 मध्ये पोर्तुगाल युरोपीय समुदायात गेल्यानंतर ती मक्तेदारी मोडली आणि छोट्या मळ्यांनी स्वतःच्या बाटल्या भरायला सुरुवात केली. एंक्रुझादो बाटली उघडल्याबरोबर काही बोलत नाही. थोडं लिंबू, थोडा ओला दगड, बस. फार गार देऊ नका, 12 अंश पुरेत. पेल्यात अर्धा तास राहिली की हळूहळू बदाम, पाइनची राळ असं काहीतरी वर येतं. म्हणून ही घाईच्या जेवणाला नको. पापलेटचं नारळाच्या दुधातलं कालवण, मिरची बेताची, असं काहीतरी सोबत करा. तिकडे हिच्याबरोबर सेर्रा द इश्त्रेलाचं मेंढीच्या दुधाचं चीज खातात. ते विरजायला प्राण्याच्या जठरातून मिळणारं रेनेट नसतं, एका काटेरी रानफुलाचे तंतू घालतात, आणि पिकल्यावर वरचं कवच कापून चमच्यानं खातात. मुलीला विमानात आणायला सांगू नका, वास साऱ्या सामानाला लागतो.

तिसरी दोरोची लाल. दोरो नदीचं खोरं म्हणजे पोर्टचं माहेर. पोर्तुगालच्या राजाचा मंत्री मार्केश द पोंबाल यानं 1756 मध्ये त्याची हद्द आखून दिली, खुणेचे दगड रोवले. पोर्टचा मान राखण्यासाठी त्यानं बायराडातले वेल उपटायला लावले होते, कारण तिथली वाईन पोर्टमध्ये मिसळली जात होती. म्हणजे तुमच्या बागाच्या वाट्याला अन्याय काही पहिल्यांदा आलेला नाही. गंमत अशी की इतक्या जुन्या प्रांतात जेवणाच्या वाईनला रीतसर मान्यता मिळाली ती 1982 मध्ये. चांगली द्राक्षं पोर्टला जायची, उरलेली घरच्या पिण्याला. हे बदलायला सुरुवात केली फेरेरा या पोर्ट घराण्यातल्या फेर्नांदो निकोलाऊ द आल्मेयदा यांनी. फ्रान्समधल्या बोर्दो या वाईनच्या प्रांतात जाऊन आल्यावर त्यांनी 1952 मध्ये 'बार्का व्हेल्या' बनवली. त्या रणरणत्या खोऱ्यात आंबणारा रस थंड ठेवायला किनाऱ्यावरून बर्फ आणावा लागे. आजही ती वाईन दरवर्षी निघत नाही. एखादं वर्ष त्या तोलाचं वाटलं नाही तर ती दुसऱ्या नावानं विकतात. सत्तर वर्षांत जेमतेम वीस-एकवीस वेळा मूळ नाव लागलंय.

दोरोत मातीपेक्षा दगड जास्त. शिस्ट नावाचा थरांचा, पाटीसारखा फुटणारा खडक. वेलाच्या मुळ्या त्याच्या फटींतून पाण्यासाठी खोल उतरतात. तुमच्या लेबलवर 'व्हिन्याश व्हेल्याश', म्हणजे जुने मळे, असं लिहिलंय. द्राक्षाचं नाव न सापडण्याचं कारण तेच. जुन्या मळ्यांत वीस-तीस जातींचे वेल एकत्र लावलेले असतात, आणि ते एकत्रच खुडून एकत्रच आंबवतात. मालकालाही कधी कधी प्रत्येक वेल कोणता हे सांगता येत नाही. पोर्तुगालमध्ये अडीचशेच्या वर देशी जाती आहेत, आणि एकाच जातीला प्रांतागणिक वेगळं नाव: दोरोत तिंता रोरिश, अलेंतेझोत आरागोनेश, स्पेनमध्ये तेंप्रानियो. म्हणून मी म्हणतो, द्राक्षाचं नाव सोडा, प्रांताचं नाव पकडा. तेवढ्यानं बाटलीचा अर्धा स्वभाव कळतो. तोरिगा नासिओनाल एवढं एक नाव मात्र लक्षात ठेवा. व्हायोलेटचं फूल आणि बर्गामोट, म्हणजे अर्ल ग्रे चहाचा जो वास, तो लाल वाईनमध्ये आला तर त्यात हे द्राक्ष असावं असं समजा.

जाता जाता: दोरोत वाईन अजूनही 'पिपा'त मोजतात, सुमारे 550 लिटरचं लाकडी पीप. आपलं पिंप तिथूनच आलंय, बादली आणि बटाट्याच्या सोबतीनं.

ही दोरोची बाटली उघडून तासभर काचेच्या सुरईत ओतून ठेवा. सोबत मटण, पण कोल्हापुरी नको. तिखटाचं आणि वाईनचं गणित नीट समजून घ्या. अल्कोहोल तिखटाची आग वाढवतं आणि टॅनिन त्यावर खरखर आणतं. 14 टक्क्यांची दोरो आणि तांबडा रस्सा एकत्र आले तर दोन्ही वाया. मिरं, लसूण, खडा मसाला, भाजलेलं खोबरं यांच्याशी तिचं जमतं. भांडण फक्त लाल तिखटाशी. तिखट करायचंच असेल तर त्या दिवशी विन्यो व्हेर्द काढा. हे ताट-बाटलीचं नातं गोव्याला जुनं ठाऊक आहे. विंदालूचं मूळ 'विन्या द आल्योश' म्हणजे वाईन आणि लसणीत मुरवलेलं मांस. गोव्यात वाईनच्या जागी माडाच्या ताडीचं व्हिनेगर आलं, मिरच्या आल्या, आणि पदार्थ आपला झाला. गोव्याच्या चोरीसपावाबरोबर बायराडाची बागा घेऊन बघा. त्या सॉसेजमधलं व्हिनेगर आणि चरबी तिला बरोबर भेटतात.

चौथी अलेंतेझोची लाल, आणि ती सगळ्यांना आवडेल. दक्षिणेचा तापलेला, मोकळा प्रदेश. द्राक्ष पूर्ण पिकतं, तुरटपणा गोलसर होतो. घरात पहिल्यांदा वाईन पिणारं कुणी असेल तर त्यांना ही द्या. मी स्वतः तिच्यावर फार रेंगाळत नाही, पण एक गोष्ट तुम्हाला उपयोगी पडेल: अलेंतेझोच्या स्वयंपाकात हिरवी कोथिंबीर सढळ हातानं पडते, युरोपात हे विरळाच. डुकराचं मांस आणि तिसऱ्या (शिंपले) एकत्र शिजवून वर कोथिंबीर, हा तिथला नावाजलेला पदार्थ. त्यामुळे कोथिंबीर वडीबरोबर ही वाईन अजिबात बुजत नाही. या भागात मातीच्या मोठ्या रांजणांत, त्याला ताल्या म्हणतात, वाईन आंबवायची रोमन काळापासूनची रीत टिकून आहे. वरून ऑलिव्ह तेलाचा थर देतात, आणि 11 नोव्हेंबरला सेंट मार्टिनच्या दिवशी रांजणाला तोटी लावतात. मुलगी त्या सुमारास तिथे असेल तर तिला विदिगेरा गावाकडे एक चक्कर मारायला सांगा.

खरोखर बिघडलेली वाईन कशी ओळखायची हेही सांगतो, म्हणजे पुढे ओतताना हात चुकणार नाही. पावसाळ्यात ओल धरलेल्या पुठ्ठ्याचा वास आला आणि फळाचा वास गायब असला, तर बुचातला दोष. नाकाला झोंबणारं व्हिनेगर, किंवा कोवळ्या पांढऱ्या वाईनला तपकिरी रंग आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास, तर हवा लागलेली. तळाचा गाळ हा दोष नव्हे. गाराफेयरा आदल्या दिवशी उभी ठेवायची आणि हलक्या हातानं ओतायची. बुचावर राग काढू नका. जगातलं निम्मं बूच पोर्तुगालच देतं. नऊ वर्षांनी एकदा झाडाची साल काढतात आणि खोडावर त्या वर्षाचा शेवटचा आकडा रंगवून ठेवतात, म्हणजे पुढची पाळी विसरत नाही.

पुढच्या फेरीसाठी: विमानतळावर माणशी दोन लिटरपर्यंत शुल्क लागत नाही, म्हणजे माणशी दोन बाटल्या, दोघांत चार. त्यात अल्व्हारिन्यो धरा, आणि बायराडाची बागा पुन्हा एक. ती उघडाल तेव्हा पहिल्या दिवशी पुन्हा तुरटच लागेल. अर्धी प्या, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी, मटण उरलेलं असेल त्याच्याबरोबर, थोडी आधी बाहेर काढून घ्या. कोवळी बागा बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशीच जास्त चांगली लागते.